आधी कोणाची फेरी बंद होते?

2021 च्या ऑक्टोबरअखेरीस आमच्या बालाघाट जिल्ह्यात पेट्रोल लिटरमागे 120 रुपयांच्या वर गेलं. पंपावर, पानटपरीवर, दुकानाच्या ओट्यावर पुरुषमंडळींनी सरकारला नावं ठेवली. घरात मात्र त्याचा हिशेब वेगळाच मांडला गेला.

बिरशाला रेल्वे नाही. कापडापासून काड्यापेटीपर्यंत सारा माल बालाघाटहून घाट चढून, बैहरमार्गे येतो. डिझेल वाढलं की डाळ वाढते, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. गोंदियाला गेलेला माणूस परतताना टाकी भरून येई, कारण महाराष्ट्रात तेच पेट्रोल काही रुपयांनी स्वस्त. नोव्हेंबरात केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क पाच रुपयांनी आणि डिझेलवरचं दहा रुपयांनी उतरवलं खरं, पण तोवर आमच्या घरातली एक फेरी बंद झाली होती आणि दुसरी बंद व्हायच्या बेतात होती. पहिली माझी, महिन्यातून एकदा गोंदियाला बहिणीकडे जाण्याची. दुसरी लेकीची.

लेक मलाजखंडच्या पलीकडे एका खाजगी शाळेत शिकवते. जाऊन येऊन चाळीस किलोमीटर. बसची वेळ आणि शाळेची वेळ यांचा जन्मात मेळ नाही, म्हणून जुनी स्कूटर. तिचे बाबा एका रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि म्हणाले, "पगाराचा चौथा हिस्सा पेट्रोलात जाते बेटा. त्यापेक्षा घरीच ट्यूशन घे." हिशेब चूक नव्हता. पण वसुलीच्या फेऱ्यांना, रोज संध्याकाळच्या "जरा चक्कर मारून येतो"ला कोणी कॅल्क्युलेटर लावला नव्हता. मी तेवढंच विचारलं. उत्तर आलं नाही, पण कॅल्क्युलेटर आत गेला.

इंधन महागलं की दुसऱ्या कशावर तरी गाडी हाकून बघायची, ही खोड जुनीच. आमच्या आजेसासूबाई, म्हणजे मोठ्या आई, कोळशाच्या मोटारीची गोष्ट सांगायच्या. दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली पेट्रोलवर रेशन आलं. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात गेला आणि तिथून येणारं तेलही थांबलं. तेव्हा मोटारमालकांनी बसच्या मागे लोखंडी भट्टी बसवली. भट्टीत लाकडी कोळसा, वारा बेताचा. कोळसा पुरता जळू द्यायचा नाही, म्हणजे त्यातून जळणारा वायू निघतो. तो गार करून, गाळून इंजिनात सोडायचा. बंद खोलीत शेगडी ठेवली तर माणसाचा जीव घेतो, तोच हा वायू. युरोपातही त्या काळात लाखो गाड्या लाकडावर आणि कोळशावर धावल्या. पण पेट्रोलच्या मानाने ताकद फार कमी. घाट आला की उतारूंनी उतरायचं, ढकलायचं. सकाळी भट्टी पेटवून वायू धरेपर्यंत ड्रायव्हरची बिडी संपायची, असं मोठ्या आई म्हणायच्या.

कोळशाला भाव आला तसा आजेसासऱ्यांना कोणी कोळशाच्या ठेक्यात भागीदारी देऊ केली. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिलंच अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडणं. त्यांनी हात जोडले. घरात ही गोष्ट आजही मोठ्या अभिमानाने सांगतात. मोठ्या आई मात्र पुढचं वाक्य जोडायच्या, "ठेका नाही घेतला, पण बसले त्याच मोटारीत." आणि मग आणखी एक, ते मला जास्त आठवतं: "त्या लढाईच्या दिवसांत मी एकदाही माहेरी गेली नाही. मोटार कोळशावर का होईना, चालत होती. पण सीट कमी, म्हणत, बाईचं काय अडलं आहे?"

दुसरा प्रयोग माझ्या डोळ्यांसमोरचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, सेकंडहँड मारुती व्हॅन घेतली आणि बालाघाटच्या एका मिस्त्रीकडून तिला गॅसची किट बसवली. वाहनात गॅस भरायला कायद्याने मोकळीक मिळाली ती 2000 साली, आणि तीही वेगळ्या टाकीसाठी, वेगळ्या पंपावरच्या गॅससाठी. घरगुती सिलिंडर गाडीत लावणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. पण व्हॅनच्या मागच्या सीटखाली आमचं लाल सिलिंडर जाऊन बसलं. आतल्या 14.2 किलो गॅसवर माझा महिना निघायचा, तो आता पंधरा दिवसांत संपू लागला. नंबर लावून नवं सिलिंडर यायला तीन-तीन आठवडे. तोवर जाऊबाई आणि मी अंगणातल्या चुलीवर. ओल्या लाकडाचा धूर, वर सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपायची घाई. भाऊजी मात्र बैठकीत सांगत, "पेट्रोलपेक्षा निम्म्यात पडते." निम्म्यात पडत होतंच. उरलेलं निम्मं आमच्या डोळ्यांतून निघत होतं. शेवटी जाऊबाईंनी एक दिवस रेग्युलेटर काढला आणि स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. तोंडातून एक शब्द नाही. आठ दिवसांत सिलिंडर परत आलं.

म्हणून 2022 मध्ये विजेच्या स्कूटरची गोष्ट निघाली तेव्हा मी आधी हेच विचारलं, की ही घरातल्या कोणाच्या वाटणीचं काय खाणार? लेकीने कागदावर मांडून दाखवलं. महिन्याचे पंचवीस दिवस, हजार किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे बावीस लिटर. लिटरचा भाव 110 च्या आसपास, म्हणजे चोवीसशे रुपये. बॅटरीला तीन युनिट विजेत ऐंशी किलोमीटर धरले तरी महिन्याला चाळीसच्या आत युनिट, तीनशे रुपयांच्या आत. तेव्हा सरकारी सबसिडीही बरी होती. 2023 च्या जूनपासून ती कापली गेली. माझ्या दोन बांगड्या आणि तिची बचत मिळून गाडी आली.

घरातल्या पुरुषांनी तिला पहिल्याच दिवशी "खेळणं" म्हटलं. आवाज नाही, धूर नाही, किक नाही. फार बरं झालं. खेळणं म्हटल्यामुळे वसुलीला कोणी मागितली नाही, तंबाखू आणायला कोणी पळवली नाही. ती लेकीचीच राहिली.

कटकटी आहेत. पावसाळ्यात रात्री लाइट गेली की मी दोन वाजता उठून बघते, आली का, चार्जिंग लागली का. चढावर दोघी बसलो तर काटा भराभर खाली येतो. बिघाड झाला तर बिरशात हात लावणारा नाही, गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते. ज्या रस्त्याने ती जाते तिथेच मलाजखंडची तांब्याची खाण आहे, 1982 पासून चालू असलेली, देशातली सर्वांत मोठी. या स्कूटरच्या मोटरीतही तांब्याचीच तार गुंडाळलेली. डोंगर इथलाच फुटतो, धूळ इथलीच उडते, आणि स्कूटरचा मिस्त्री मात्र गोंदियाला.

बॅटरी एक दिवस थकणार, आणि नवीचा खर्च एकदम अंगावर येणार, हे दुकानदाराने आधीच सांगितलं होतं. त्यासाठी बिस्किटाच्या जुन्या डब्यात दर महिन्याच्या पाच तारखेला लेक दीड हजार टाकते. पेट्रोलचे वाचलेले. तिच्या बाबांनी मागच्या दिवाळीत मालाच्या बिलासाठी त्यातले मागितले. ती म्हणाली, "बाबा, ते माझ्या पेट्रोलचे आहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोळ्या लाटत होते.

आता रविवारी जाऊबाई सकाळीच निरोप पाठवतात, आज गाडी रिकामी आहे का म्हणून. त्यांना पासष्ट वर्षं झाली, चालवणं शिकून दोन महिने. बैहरपर्यंत जाऊन येतात. काय आणायला, ते आम्ही विचारत नाही.