एक क्लिक, एक रेघ

इंजिनीअरिंगला ग्राफिक्सच्या लॅबमध्ये आमच्या नशिबी टर्बो सी होतं. (हो, तेच निळ्या स्क्रीनचं!) माउस हवा असेल तर इंटरप्ट ३३एच ला सारखं विचारत बसायचं, बटण दाबलंय का, कुठे आहेस? वरचा बाण दाबला की गेटसीएच आधी ० देणार, परत विचारलं की ७२. व्हायव्हापुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं.

हे सगळं परत निघालं ते बाबांमुळे. बाबा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते, धरणांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. दोन वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं आणि त्यांनी पेन हातात घेणंच बंद केलं. चित्रं काढायचे प्रोग्रॅम ढिगाने आहेत हो, पण बहुतेकांची अट एकच: बटण दाबून धरा आणि तसंच ओढा. थरथरत्या हाताला नेमकं तेच जमत नाही.

मग मीच पायगेममध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. इथे बटण दाबलं, माउस हलला, बटण सुटलं असे वेगवेगळे इव्हेंट रांगेत येतात, आपण एकेक उचलायचा. आता, 'सुटलं' आलं म्हणून रेघ संपवलीच पाहिजे असं कुणी सांगितलंय? मी तो इव्हेंट सरळ सोडून दिला. एक क्लिक, रेघ सुरू. माउस सोडा, चहा प्या. दुसरा क्लिक, रेघ पूर्ण. हात थरथरला की एका क्लिकचे दोन-तीन होतात, म्हणून पहिल्यानंतर ४०० मिलिसेकंद कान बंद.

कीबोर्ड त्या मानाने सोपा गेला. की दाबल्याचा इव्हेंट एकदाच येतो, रिपीट मुद्दाम चालू केल्याशिवाय. गेमवाल्यांना बाण दाबून धरल्यावर पळत राहायला हवं असतं, ते दर फ्रेमला कीची अवस्था विचारतात. मला एकदाच हवं होतं. एक बाण, एक पिक्सेल.

बाबांनी दोन दिवस वापरून बघितलं. म्हणाले, "अरे, सकाळी गोळी लागू पडली की हात बरा असतो. तेव्हा हा तुझा प्रोग्रॅम झोपल्यासारखा वाटतो." बरोबरच होतं! मग ते ४०० अधिक-वजाच्या कीवर कमी-जास्त करता येईल असं केलं.

परवा मातीच्या धरणाचा छेद काढलाय त्यांनी. कौतुक राहिलं बाजूला, लगेच तक्रार: "बाहेरची रेघ जाड लागते." जाडी १ ते ५ आकड्यांवर टाकली. आता तुटक रेघ हवी आहे. ती पायगेममध्ये तयार मिळत नाही, तुकडे जोडून काढावी लागणार. पुढच्या शनिवारी बघतो.