तोरणगल्लू ते कळंबोली

कर्नाटकात होसपेटेहून बळ्ळारीकडे जाताना तोरणगल्लू लागते. संडूरच्या डोंगरातले लोखंडी खनिज आणि त्यावर उभा राहिलेला पोलाद कारखाना, हीच या गावाची ओळख. रस्ता, झाडांची पाने, चहाच्या टपरीचे पत्रे, सगळ्यावर तांबूस धूळ. मे महिन्यात इथे दुपारी उभे राहणे कठीण. आम्ही मात्र तिथे दीड दिवस काढला, कारण आमच्या गाडीचा नंबर लागत नव्हता.

आम्ही म्हणजे दोघे, मामा आणि भाचा. गाडी दुल्हाभाईंची, म्हणजे चालवतात ते. मालक एक वाहतूक कंपनी आहे. बावीस चाकांचा, बाजूच्या फळ्या नसलेला सपाट ट्रेलर. २०१८ पासून अशा गाडीला मालासकट ५५ टनांपर्यंत परवानगी आहे. भाचा एकोणीस वर्षांचा. बारावीनंतर त्याने एकच धोशा लावला होता, अब्बांसारखी गाडी चालवायची. व्यावसायिक वाहनाच्या परवान्याला वीस वर्षे पूर्ण लागतात, म्हणजे वर्षभर थांबायचे होतेच. आपाचे म्हणणे, आधी एक फेरी डोळ्यांनी बघू दे, आणि मामूने सोबत जावे. शाळेला सुट्टी होती, क्लीनर गावी गेला होता, कंपनीच्या मुकादमाने हो म्हटले. हुबळीहून रेल्वेने आम्ही तोरणगल्लूला पोहोचलो.

कारखान्याच्या बाहेर ट्रेलरची रांग नजर पोहोचेपर्यंत होती. हरियाणातल्या मेवातचे, राजस्थानचे, तमिळनाडूचे, आपल्या मराठवाड्यातले ड्रायव्हर. ट्रेलरच्या पोटाशी असलेल्या पेटीतून स्टोव्ह निघतो, भात चढतो, आणि भाषा वेगळ्या असल्या तरी मीठ मागायला अडचण येत नाही. जोहरची नमाज आम्ही ट्रेलरच्या सावलीत पढलो, कॅनमधल्या पाण्याने वजू करून. सातजणांची जमात झाली. इमामत एका मेवाती बुजुर्गांनी केली. मुसाफिर म्हणून चारऐवजी दोन रकात. आपल्या हनफी घरांत साधारण ७७ किलोमीटरच्या सफरीला कसर सांगितली जाते. इथले लोक वर्षातले बहुतेक दिवस कसरच करतात. दुल्हाभाई सहज म्हणाले, "पूर्ण चार रकात पढल्या की समजायचं घरी आलो."

थांबण्याचे पैसे मिळत नाहीत. पगार फेरीवर. एक दिवस रांगेत गेला काय, तीन गेले काय, फेरी एकच. वाया गेलेला वेळ मग रस्त्यावर भरून काढायचा असतो, आणि तो झोपेतूनच निघतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. मालाच्या ई-वे बिलालाही दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. सातशेहून अधिक किलोमीटरच्या आमच्या वाटेला चार दिवस होते. कागद घाई करत नव्हता. घाई फोनवरून येत होती.

दुसऱ्या दिवशी अस्रनंतर गाडीवर दोन कॉईल चढल्या. कॉईल म्हणजे पोलादाच्या पत्र्याची घट्ट गुंडाळी. आमची एकेक वीस टनांच्या आसपास होती. क्रेनने ती अलगद टेकते तेव्हाही ट्रेलर खाली दबलेला दिसतो. दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आणि पाचरी, वरून साखळ्या, मग ताडपत्री. दुल्हाभाईंनी प्रत्येक साखळी स्वतः ताणून बघितली आणि भाच्याला दुसऱ्यांदा ताणायला लावली. कारण त्यांनी तिथेच सांगितले. जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबते, सुटलेली कॉईल थांबत नाही. ती पुढे येते, आणि पुढे केबिन असते.

होसपेटे, कोप्पळ, गदगच्या पवनचक्क्या, हुबळी हे सगळे रात्रीत मागे गेले. केबिनमध्ये एसी नव्हता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना तो सक्तीचा झाला आहे. आमची गाडी त्याआधीची. इंजिनची धग पायाशी आणि बाहेरची गरम हवा तोंडावर. फजर बेळगावच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर. निपाणीनंतर कागल आले, आणि पाट्या मराठी दिसू लागल्या की भाच्याला हुरूप आला. कोल्हापूरपासून सहापदरीकरणाची कामे, वळवलेले रस्ते, धुळीत रांगणारी वाहने.

कराड हे दुल्हाभाईंचे गाव. महामार्ग गावाला चिकटून जातो, पण एवढा ट्रेलर गल्लीत न्यायचा कसा? आपा सेवा रस्त्यावर डबा घेऊन उभी होती, सोबत धाकटी मुलगी. ज्वारीच्या भाकरी, खिमा, कैरीचे लोणचे. मुलीने पाचवीचे प्रगतिपत्रक आणले होते; अब्बांनी स्टिअरिंगवर ठेवून त्यावर सही केली. दहा मिनिटे झाली नाहीत तोच फोन वाजला. गाडीत जीपीएस आहे, थांबली की कंपनीच्या पडद्यावर दिसते. "गाडी का थांबली?" दुल्हाभाई म्हणाले, "टायर बघतोय." घरच्यांना भेटतोय असे सांगण्याची सोय नव्हती. आपाने काही विचारले नाही, रिकामा डबा घेतला. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत मुसाफिर आहे. घरासमोरून जाणारा मुसाफिर आम्ही त्या दिवशी पाहिला.

साताऱ्यानंतर खंबाटकीचा बोगदा आणि पुढे कात्रजचा नवा बोगदा. तो संपला की नवले पुलापर्यंत उतार आहे. पुण्याची माणसे तो चांगला ओळखतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकमुळे चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले. बोगद्याआधी दुल्हाभाईंनी बोलणे बंद केले, गिअर खाली आणला, आणि रिकामी मोटारही मागे टाकेल अशा वेगाने आम्ही उतरू लागलो. शेजारून एक ट्रक सुसाट गेला. "न्यूट्रलवर आहे," ते पुटपुटले.

खाली सपाटीला आल्यावर त्यांनी भाच्याला नीट समजावले. अनेक कंपन्या डिझेल मोजून देतात. लिटरमागे ठरलेले किलोमीटर पडले नाहीत तर फरक ड्रायव्हरच्या पैशांतून जातो. वाचले तर ड्रायव्हरचे. म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करायची, कोणी तर इंजिनच बंद करतो. मग गाडीला धरून ठेवायला फक्त ब्रेक उरतात. ते तापत जातात आणि एका क्षणी लागेनासे होतात. इंजिन बंद असेल तर ब्रेकसाठी लागणारी हवाही भरत नाही. आणि वाचते काय? नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअर लावून पाय उचलला की उतारावर डिझेलचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे जळतच राहते. जुन्या उस्तादांनी शिकवलेली बचत आता बचतही राहिलेली नाही. पण गाड्या बदलल्या तरी शिकवणी तीच चालू आहे. वर्गात शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून जरा लागते.

"अब्बा, तुम्ही कधी केलंय?" भाच्याने विचारले.

"केलंय. तू लहान होतास, फी भरायची होती."

त्यानंतर द्रुतगती मार्ग येईपर्यंत केबिनमध्ये कोणी बोलले नाही. बोरघाट अंधारात उतरलो, आधीच्याच गिअरशिस्तीने.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात पहाटे पोहोचलो. फजर झाली, मग गोदाम उघडेपर्यंत पुन्हा रांग. भाच्याने साखळ्या सोडल्या, ताडपत्रीची घडी केली. क्रेनने कॉईल उचलल्या तसा ट्रेलर इंच इंच वर आला. पावती झाली, मग डिझेलचा हिशेब. कंपनीच्या आकड्यापेक्षा बारा लिटर जास्त गेले होते. ते कापले गेले. भाच्याने तो आकडा मोबाईलमध्ये लिहून घेतला. कशासाठी, ते आम्ही विचारले नाही.

संध्याकाळी तो कराडच्या बसमध्ये बसला. चढताना अब्बांना म्हणाला, परवाना काढायचा तेव्हा काढू, पण आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा अर्ज यंदाच भरतो. दुल्हाभाईंनी मान हलवली. त्यांना रात्री नऊला हुबळीचा माल भरायचा होता.