अप्पांसाठी चिरूट

आमच्या घरात तंबाखू आणायची नाही, हा नियम मीच केलेला आणि मोडलाही मीच. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी पणजीला निघाले, तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, "तिकडं चिरूट मिळतात म्हणं. माझ्यासाठी आण की."

मी बघतच राहिले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या अप्पांनी आयुष्यात साधी विडी ओढलेली नाही. निपाणीच्या एका वखारीत मालाची पारख करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. मूठभर तंबाखू तळहातावर चोळायची, वास घ्यायचा, फुंकर मारायची आणि भाव ठरवायचा. ओढणं मात्र कधीच नाही.

"ओढायला नको गं," ते म्हणाले. "विडीला बाहेरनं टेंभुर्णीचं पान. चिरुटाला बाहेरचं पानबी तंबाखूचंच असतं म्हणं. ते कसं बसवतात, एवढं बघायचंय."

मला रागच आला. कारण आई. त्याच वखारीत आई तंबाखू चाळायची. नाकातोंडाला पदर बांधून दिवसभर चाळण. घरी आली की लुगड्याला, केसांना, आम्हाला भरवणाऱ्या हातालाही तोच तिखट वास. कन्नडमध्ये तंबाखूला 'होगेसोप्पु' म्हणतात, म्हणजे धुराचा पाला. आईच्या वाट्याला धूर कधी आलाच नाही, आली ती धूळ. साठी गाठायच्या आत ती खोकून खोकून गेली. निपाणीत तंबाखूचा विषय निघाला की १९८१ चं आंदोलन निघतं. भावासाठी रस्त्यावर बसलेले शेतकरी, तो गोळीबार. ते आठवायलाच हवं. पण चाळणीपाशी बसलेल्या बायकांचा खोकला सहसा कुणाला आठवत नाही.

तरीही पणजीत लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात शिरलेच. माझी मोडकीतोडकी कोकणी ऐकून काउंटरवरचा मुलगा हसला आणि सरळ कन्नडमध्ये म्हणाला, "यारिगे, अक्का?" कुणासाठी? तो धारवाडकडचा निघाला. मग काय, आमचं चांगलंच जमलं!

त्यानं शिकवलं ते असं. चिरुटात तीन थर असतात : पोटात भरायची पानं, त्यांना बांधून धरणारं पान आणि वरचं देखणं वेष्टणाचं पान. घेताना दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत अलगद दाबत जायचं. मध्येच गाठ लागली तर धूर अडणार, पोकळ लागलं तर भराभर जळणार. वरचं पान तुकतुकीत हवं, चिरलेलं नको, जाड शिरांचं नको. रंग गडद म्हणजे चव कडक, असं काही नसतं. हवेत साधारण पासष्ट ते सत्तर टक्के ओलावा लागतो. कमी झाला तर पान तडकतं, वाढला तर बुरशी धरते. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या काळात पार विलायतेला जात, हेही त्यानंच सांगितलं. चिरूट हा शब्दही तिकडचाच, तमिळ 'सुरुट्टु'वरून आलेला. कन्नडमध्ये सुरुळी, आपल्या मराठीत सुरळी. गुंडाळलेलं ते सुरळी!

"ओढणाऱ्यांना सौम्य आवडतं की कडक?" त्यानं विचारलं. "ते ओढणार नाहीत, उलगडणार आहेत," मी म्हणाले. तो गोंधळला, पण पाच चिरुटांचं लहान खोकं त्यानं अगदी निवडून दिलं.

घरी आल्यावर अप्पांनी पाटावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा पुसला. एक चिरूट बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत गेले. अगदी त्या मुलासारखे! त्यांना कुणी सांगितलं होतं? "ओल बरोबर हाय," म्हणाले. "आमच्याकडंबी दव पडल्यावरच पाल्याला हात लावायचा, न्हाईतर चुरा." मग नखानं वरचं पान सोडवलं आणि सावकाश उलगडत नेलं. पातळ, लांब, कुठंही न फाटलेलं पान. ते तळहातावर पसरून किती तरी वेळ बघत राहिले.

"तुझ्या आईनं एवढा माल चाळला," ते म्हणाले, "पण असलं सबंध पान तिनं कधी बघितलं नसंल. तिच्याम्होरं यायचा तो चुराच. भाव मी ठरवायचो, धूळ ती खायची."

इतक्या वर्षांत अप्पा हे पहिल्यांदाच बोलले. मग त्यांनी खोकं उचलून वरचं इशाऱ्याचं चित्र निरखलं. हल्ली ते खोक्याच्या पंच्याऐंशी टक्के जागेवर असतं. "ओढणाऱ्याला सांगत्यात, बरं हाय," म्हणाले. "वखारीच्या दारावर कुणी लावलं न्हाई. मीबी न्हाई."

मी काय बोलणार? आत जाऊन चहा टाकला. बाहेर आले तर पान त्यांच्या हातातच होतं. माझा राग कुठं गेला कळलं नाही. त्यांच्या शेजारी बसून मीही त्या पानाचा वास घेतला. आईच्या पदराचा वास होता.

उरलेले चार चिरूट पाण्यात भिजत घातले आणि ते पाणी गाळून गुलाबावर फवारलं. मावा गेला. उलगडलेलं पान मात्र अप्पांनी आईच्या तसबिरीमागं ठेवलंय. नियम माझा मोडला खरा, पण ते पान काढ असं मी काही त्यांना म्हणणार नाही.