वरच्या गटातलं पहिलं वर्ष

विदर्भातल्या मुलींसाठी फुटबॉलची एक साखळी स्पर्धा होते. तिचे दोन गट आहेत, वरचा आणि खालचा. २०२३ मध्ये आमच्या पोरी खालच्या गटात पहिल्या आल्या आणि पुढच्या हंगामासाठी वरच्या गटात गेल्या. वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात मी क्रीडाशिक्षिका आहे. संघातल्या बऱ्याच जणी माझ्या शाळेतल्या, काही अकरावी-बारावीच्या, आणि दोघी बारावी करून घरी बसलेल्या. त्या चषकाच्या दिवशी गावात गुलाल उधळला गेला, सरपंचांनी नारळ-शाल दिली, पोरींच्या बापांना चौकात लोक थांबवून चहा पाजत होते. पुढच्या सगळ्या गोष्टीत मला त्या चहाची आठवण ठेवावी लागली, कारण तो जिंकल्याचा चहा होता.

आम्ही जिंकत कशा होतो, ते आधी सांगते. आमच्याकडे एक डाव होता. मागून चेंडू लांब मारायचा आणि तांड्यावरच्या आमच्या एका पोरीनं त्याच्यामागे धावायचं. तिला पळताना गाठणं खालच्या गटात कुणालाच जमलं नाही. हा डाव आम्ही हौसेनं निवडला नव्हता, आमच्या मैदानानं तो शिकवला. आमची जमीन काळी, कसदार, सोयाबीनला उत्तम. पावसाळ्यात तिच्यात पाय रुततो, दिवाळीनंतर ती भेगाळते. अशा जमिनीवर चेंडू सरपटत दिला तर तो कुठे वळेल सांगता येत नाही, म्हणून पोरी तो उचलूनच मारायला शिकल्या. छोटे, जमिनीलगतचे पास त्यांना येत नव्हते, कारण तसा पास पोचलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

वरच्या गटातला पहिला सामना अमरावतीला होता. मंगरूळपीरहून कारंजामार्गे एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट लागतं. ही सवलत नसती तर आमचा हंगाम पैशांअभावी तिसऱ्या सामन्यालाच संपला असता, हे मी कृतज्ञतेनं नोंदवते. मैदानावर हिरवळ होती. पोरींनी आधी ती हातानं चाचपून पाहिली. खिळ्यांचे बूट बहुतेकींच्या पायात पहिल्यांदाच चढले होते आणि मध्यंतरापर्यंत टाचांना फोड आले.

मग गोल. नियमाप्रमाणे दोन खांबांमधलं अंतर ७.३२ मीटर आणि आडव्या दांडीची उंची २.४४ मीटर. आमच्याकडे दोन बांबू रोवलेले, आडवी दांडी नाही, डोक्यावरून गेला तर ‘बाहेर’ असं आम्हीच ठरवलेलं. आमची गोलकीपर लहानखुरी आहे. ती त्या चौकटीत जाऊन उभी राहिली, वर पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि काही न बोलता हातमोजे घट्ट केले. त्या सामन्यात तिनं अडवलेले चेंडू कुणी मोजले नाहीत. आत गेलेले सगळ्यांनी मोजले. आम्ही ९-० असे हरलो.

आमचा एकमेव डाव तर पहिल्या दहा मिनिटांतच मेला. समोरच्या संघाच्या बचावफळीतल्या चौघी एका रेषेत उभ्या राहायच्या आणि आमची पोरगी निघायच्या क्षणी एकदम पुढे सरकायच्या. सहायक पंचाचा झेंडा वर. ऑफसाइड. पुन्हा चेंडू, पुन्हा झेंडा. खालच्या गटात बाजूच्या रेषेवर धड पंच नसायचे, ऑफसाइड हा नियम आमच्यासाठी पुस्तकातला होता. ती पोरगी माझ्याकडे बघत ओरडली, ‘मॅडम, मी तं पोचली होती नं?’ पोचली होती, खरंच. तिच्या वेगात काही कमी नव्हतं. समोरच्या मुलींनी असे सामने वर्षभर खेळलेले होते आणि आमच्या पोरी वाशीम जिल्ह्यात शोधून शोधून तीन संघांशी खेळलेल्या.

परतीच्या एसटीत कुणी रडलं नाही, सगळ्या झोपल्या. रडं दुसऱ्या दिवशी गावात आलं. पानठेल्यावर कुणी तरी एकीच्या भावाला विचारलं, ‘काय रे, नऊ खाऊन आल्या म्हन्ते?’ भावानं घरी जाऊन बहिणीचे बूट लपवून ठेवले.

त्या दिवशी मला जे दिसलं ते या सगळ्या हंगामाचं मर्म आहे. गावातली मुलांची क्रिकेटची टीम दर रविवारी कुठे तरी हरून येते. पुढच्या रविवारी ती परत जाते, कुणी विचारत नाही. आमच्या पोरींना मिळालेली परवानगी मात्र चषकाला बांधलेली होती. त्या जिंकत होत्या तोवर बापाला अभिमान, आईला शेजारणीसमोर बोलायला तोंड, काकांचा विरोध गप्प. हरायला लागल्या की तोच काका पुन्हा बोलायला मोकळा. वरच्या गटात गेलेल्या कुठल्याही नवख्या संघाला गुण गमवावे लागतात. आमच्या पोरींना त्यासोबत घरातून बाहेर पडण्याचा हक्कही पणाला लावावा लागत होता.

त्यात ऑक्टोबर आला. सोयाबीन सोंगणीला आलं की थांबत नाही. ऊन लागलं तर शेंगा फुटून दाणे रानात सांडतात, पाऊस आला तर काळे पडतात. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याच्या खालीच भाव चालले होते. म्हणजे मजूर लावणं परवडत नाही, घरचेच हात हवेत. पोरी पहाटेपासून विळा घेऊन रानात, संध्याकाळी सराव. मग सराव बंद. एका सामन्याला आम्ही बरोबर अकरा जणी गेलो, बदली खेळाडू एकही नाही. पोटऱ्यांत गोळे येत होते तरी बाहेर यायची सोय नव्हती.

तांड्यावर मी गेले तेव्हा त्या वेगवान पोरीची याडी, म्हणजे आई, ओसरीवर बसून होती. मी म्हटलं, ‘मावशी, रविवारी सामना आहे.’ ती म्हणाली, ‘मॅडम, हारून येते अन् दोन दिवस पाय धरून बसते. सोंगाले कोन येईन?’ बाप आतून म्हणाला, ‘जितत होती तवर ठीक होतं जी.’ त्यांच्यावर मला राग आला नाही. पोरीला पाठवणं म्हणजे त्यांच्यासाठी एका माणसाची मजुरी बुडणं होतं आणि बदल्यात तांड्यात चार बोलणी.

मी त्यांना मोबाइलवर दाखवलं ते हे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला; भुवनेश्वर, गोवा आणि आपल्या नवी मुंबईत. भारताच्या मुली अमेरिकेकडून ८-० हरल्या, मग मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. तीन सामने, १६ गोल खाल्ले, एकही केला नाही. त्या संघाची कर्णधार झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उरांव. तिच्या घरापर्यंत जाणारा रस्ता तिच्या नावानं बांधायला घेतला, तेव्हा त्या कामावर रोजंदारीनं खडी वाहणाऱ्यांत तिचे स्वतःचे आईबाप होते. बापानं फोटो मोठा करून पाहिला. मग विचारलं, ‘मंग त्या पोरींले घरी बसवलं का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ त्यानं फोन परत दिला. रविवारी पोरगी एसटी स्टँडवर आली होती, सोबत बाप.

पोरींसाठी मी दुसरं उदाहरण ठेवलं होतं, आमच्या हंगामाच्याच दिवसांतलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा महिला संघ २०२४ मध्ये बढती मिळवून इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये पहिल्यांदाच आला होता. सप्टेंबरमध्येच चेल्सीनं त्यांना ७-० हरवलं. पगारी खेळाडू, डॉक्टर, हिरवं मैदान, सगळं असलेला संघ. पुढे हंगामाच्या शेवटी ते तळाला राहिले आणि पुन्हा खाली गेले, पण ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आमची स्टॉपर त्या ७-० चं ऐकून बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, ‘म्हन्जे वर गेलं की सगळ्याइलेच मार बसते.’ त्यानंतर ती सरावाला वेळेआधी यायला लागली.

दिवाळीनंतर आम्ही डाव बदलला. मैदानाचा जो कोपरा त्यातल्या त्यात सपाट होता तिथं रोलर फिरवला, पाणी मारलं, फक्कीनं चौकोन आखला आणि त्याच्या आत जमिनीलगतचे पास सुरू केले. दुपारी मैदान क्रिकेटवाल्या पोरांचं, म्हणून आम्ही पहाटे जायचो. चौघींनी एका रेषेत सरकायचं कसं, ते मी दोरी धरून शिकवलं: चौघींच्या हातात एकच दोरी, कुणी मागे राहिली की दोरी ताणली जाते. ऑफसाइडचा झेंडा आता आमच्याही बाजूनं वर जायला लागला. सामने मिळावेत म्हणून मी आठवी-नववीच्या मुलांच्या संघासमोर पोरींना उतरवलं. त्यावर गावात कुरकुर झाली, मुलं-मुली एकत्र खेळतात म्हणून. मुख्याध्यापक माझ्या बाजूनं उभे राहिले आणि ती कुरकुर थांबली. त्यांनी तेव्हा पाय मागे घेतला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

हरणं संपलं नाही. पण आकडे उतरत गेले. नऊवरून सहा, सहावरून तीन. वरच्या गटातला आमचा पहिला गोल डिसेंबरमध्ये झाला आणि तो वेगानं झाला नाही, याचा मला फार आनंद आहे. थ्रो मिळाला, डाव्या बाजूला तिघींनी आपसात सहा-सात छोटे पास दिले, समोरची बचावफळी तिकडे ओढली गेली आणि उजवीकडून आलेल्या पोरीनं मोकळ्या गोलात चेंडू ढकलला. तेव्हा तांड्यावरची ती पोरगी मधोमध उभी राहून दोन जणींना स्वतःजवळ अडकवून ठेवत होती. गोल तिच्या नावावर नाही, पण तिच्यामुळे झाला, आणि हे तिला कळत होतं. तो सामनाही आम्ही २-१ हरलो. एका सामन्यात बरोबरी साधली. जिंकलो एकही नाही. हंगामाच्या शेवटी तक्त्यात शेवटच्या, आणि परत खालच्या गटात.

दोघी जणी वर्ष संपायच्या आत गेल्या. एकीचं लग्न ठरलं. दुसरीला मामानं पुण्याला कामाला नेलं. त्या दोघींना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. बाकीच्या सगळ्या शेवटच्या सामन्याला मैदानात होत्या, आणि हंगामभर त्यांच्या घरच्यांशी बोलत फिरलेली बाई म्हणून मला तक्त्यातल्या जागेपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

काही गोष्टी मी ठामपणे म्हणेन. खालच्या गटात पाडलेल्या संघाला सामने कमी मिळतात आणि खरी गरज त्यांनाच जास्त सामन्यांची असते. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये नीती आयोगानं काढलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले, त्यात वाशीम आहे. अशा जिल्ह्यात मुलींच्या संघाला मोठा खर्च लागतो तो प्रवासाचा. बूट, जर्सी, चषक यांना देणगीदार मिळतात, कारण त्यांच्यावर नाव छापता येतं. एसटीच्या तिकिटावर कुणाचं नाव छापता येत नाही, म्हणून त्याला कुणी पैसे देत नाही. देशभरातल्या राज्यांच्या महिला संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात. जिजाऊंचं सिंदखेडराजा आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात. आमच्या भागातल्या पोरींनी तो करंडक खेळावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी भाषणाला न येता महिन्याला दोन सामन्यांचं भाडं द्यावं.

५ जुलै २०२५ ला भारताच्या महिला संघानं चियांग माई इथं थायलंडला २-१ हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या संध्याकाळी पोरींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतके निरोप येत होते की मला फोन बाजूला ठेवावा लागला. पेरणी उरकून आलेल्या होत्या सगळ्या. आमच्या गोलकीपरनं विचारलं, आपला पहिला सामना कधी.

आता आम्ही गटातल्या सामन्यांची वाट बघत नाही. कारंजा, दारव्हा, दिग्रस, जिथं मुलींचा संघ आहे तिथं निरोप पाठवून सामने ठरवतो. ते इकडे येतात, आम्ही तिकडे जातो. दिग्रसला आम्ही मागे हरलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सराव भरला, कुणाच्या घरी मला जावं लागलं नाही. एकीच्या सोडून. तिच्या भावानं पुन्हा बूट लपवलेत. उद्या शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी जाणार आहे, आणि तांड्यावरच्या त्या बापाला सोबत यायला सांगितलं आहे. तो येतो म्हणाला.