आई अजून सिग्नलवरच

जानेवारी २०२१. व्हॉट्सॲपनं गोपनीयतेच्या नव्या अटी मान्य करायला ८ फेब्रुवारीची मुदत दिलेली. मी सोलापुरात, घरून काम करत होतो. घरातला इंजिनिअर म्हणून संक्रांतीच्या आत सगळ्यांना सिग्नलवर नेलं. मेसेज दोन्हीकडं एन्क्रिप्टेडच असतात, पण कोण कुणाशी बोलतं याची नोंद सिग्नल जवळपास ठेवतच नाही, हे काकांना दोनदा समजावलं.

१५ जानेवारीला नव्या गर्दीनं सिग्नल जगभर बंद पडलं. काका त्याच रात्री परतले. व्हॉट्सॲपची मुदत १५ मेपर्यंत पुढं गेली आणि बाकीचेही परतले. पुण्याला आल्यावर ऑफिसच्या ग्रुपसाठी मीही. सिग्नलची नोटिफिकेशन्स बंद करून टाकली.

जूनमध्ये फोनमधली जागा रिकामी करताना ते उघडलं. आईचे एकोणीस मेसेज होते. ‘पोचलास का रे?’ ‘शेंगाचटणी संपली का? पाठवू?’ शेवटचा, ‘कामात असशील.’

लगेच फोन लावला. “अगं, व्हॉट्सॲपवर का नाही टाकलंस?”

“तूच म्हणालास ना, घरातलं इथंच बोलायचं.”

सिग्नल काढलं नाही. नोटिफिकेशन्स चालू केली आणि उत्तर टाकलं, ‘संपली. पाठव.’