गॅरेज, माळा आणि डॉलरचं चिन्ह

कंपन्या कशा सुरू झाल्या याची पुस्तकं वाचायचं मला जुनं व्यसन आहे. शनिवारची सकाळ, पोहे, दुसरा चहा आणि कोणाचं तरी गॅरेज. गॅरेज नसेल तर हॉस्टेलची खोली. माणूस नोकरी सोडतो, एक अवली मित्र गाठतो, रात्री जागवतो आणि तीनशे पानांनंतर त्याची कंपनी शेअर बाजारात जाते. मधली पानं मात्र कोणी धड लिहीत नाही. घरभाडं कुठून दिलं? बायको काय म्हणाली? आईच्या औषधांचं काय केलं? या प्रश्नांना फार तर अर्धा परिच्छेद मिळतो. माझे नेमके तेवढेच प्रश्न असतात!

म्हणून जेसिका लिव्हिंगस्टनचं २००७ सालचं 'फाउंडर्स ॲट वर्क' मला या सगळ्या ढिगात जवळचं वाटतं. नुसत्या मुलाखती आहेत. लोक आपल्या तोंडाने सांगतात, त्यामुळे भीतीही अधूनमधून दिसते. वोझनियाक वगैरे आहेतच, पण मी पुन्हा पुन्हा उघडतो ती डॅन ब्रिकलिनची मुलाखत.

हा ब्रिकलिन १९७८ साली हार्वर्डला बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचे उभे-आडवे रकाने मांडत. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. ब्रिकलिनला वाटलं, हा फळा स्वतःच पुसून स्वतःच लिहीत असता तर? बास, एवढंच. त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने जानेवारी १९७९ मध्ये कंपनी काढली. फ्रँकस्टन एका माळ्यावर बसून रात्री काम करायचा, कारण एमआयटीच्या ज्या मोठ्या संगणकावर तो प्रोग्रॅम लिहायचा त्याचं भाडं रात्री कमी पडायचं. (आपल्याकडे एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर लागायच्या रांगा आठवल्या की नाही? तोच प्रकार.) ऑक्टोबर १९७९ मध्ये ॲपल टू साठी व्हिसिकॅल्क बाजारात आलं. ६३ उभे रकाने, २५४ ओळी. आज आपण ज्याला ए१ म्हणतो त्या नावाची पद्धत तिथलीच.

त्यांनी पेटंट घेतलं नाही. १९८३ मध्ये मिच केपॉरच्या लोटस कंपनीने आयबीएम पीसीसाठी १-२-३ आणलं आणि बाजार पालटला. केपॉरने आधी व्हिसिकॅल्क विकणाऱ्या कंपनीतच काम केलेलं होतं, ध्यानधारणाही शिकवलेली होती. कंपनीचं नाव 'कमळ' का, ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. १९८५ मध्ये लोटसने ब्रिकलिनची अडचणीत आलेली कंपनी विकत घेतली आणि व्हिसिकॅल्क बंद केलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आलं, तेही आधी मॅकिंटॉशवर! विंडोजवर यायला १९८७ उजाडलं. पुढे १९९५ मध्ये लोटसच आयबीएमच्या पोटात गेली.

एक गंमत सांगतो. एक्सेलच्या एखाद्या सेलमध्ये ६० लिहा आणि त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणजे असा दिवस कधी उगवलाच नाही. ही चूक मुळात लोटसची. लोटसच्या फाइली उघडल्यावर तारखा हलू नयेत म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून उचलली. लोटस १-२-३ इतिहासजमा झालं, तो न उगवलेला दिवस मात्र अजून आपल्या सगळ्यांच्या संगणकात आहे.

असो. तर इतकं सगळं माहीत असलेल्या माणसाला स्प्रेडशीट उत्तम येत असेल असं तुम्हाला वाटेल. आमच्या जमातीत तसं नसतं. प्रोग्रॅमर मंडळी एक्सेलकडे, शास्त्रीय गाणारे ऑर्केस्ट्राकडे बघतात तसं बघतात. यादी करायची, बेरीज मारायची, बाकीचं पायथॉनमध्ये. मला एक्सेल शिकवलं ते बायकोने. ती कॉमर्सची, सीएच्या ऑफिसात काम करते. रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक ती झोपेतून उठवलं तरी सांगेल.

तिची शिकवण्याची पद्धत कडक आहे. पहिला नियम, फॉर्म्युल्यात आकडा टाइप करायचा नाही. व्याजदर असो की महागाई, त्याला वेगळी सेल द्यायची, शेजारी नाव लिहायचं आणि पिवळा रंग द्यायचा. दुसरा, फॉर्म्युला खाली ओढताना जी सेल हलायला नको तिला डॉलरची दोन चिन्हं. एफ४ दाबलं की येतात. "डॉलर म्हणजे खिळा. ठोकला की हलत नाही," इति सौ. आमच्या क्षेत्रात याच गोष्टीला भारदस्त नावं आहेत, पण खिळा हा शब्द मला जास्त पटला. तिसरा नियम म्हणजे ताळा. उभी बेरीज आणि आडवी बेरीज जुळलीच पाहिजे, नाहीतर चहा नाही.

हे सगळं शिकायचं कारण दुसरंच होतं. नोकरी सोडून मित्राबरोबर स्वतःचं काही करायचं, हा विषय आमच्या घरात वर्षभर हवेत तरंगत होता. हवेत असलेल्या विषयाचं भांडण होतं, निर्णय होत नाही. मग एका रविवारी आम्ही शीट उघडली. साठवलेले १२ लाख. तिचा पगार वजा जाता दरमहा कमी पडणारे ६० हजार. भागाकार २० महिने. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायलाही घेतला.

तिने शांतपणे ओळी घालायला सुरुवात केली. मुलीची फी, गाडीचा विमा, सोसायटीचा वार्षिक खर्च, असे वर्षातून एकदाच येणारे खर्च मिळून १ लाख २० हजार, म्हणजे महिना १० हजार. मग म्हणाली, "आईबाबांचा मेडिक्लेम तुझ्या कंपनीकडून आहे ना? नोकरी गेली की तोही जाणार." वर्षाचे ६० हजार, महिना ५ हजार. आणि बाबांच्या गुडघ्यासाठी ३ लाख बाजूला. त्यांना खिळा.

९ लाख भागिले ७५ हजार. पिवळ्या सेली जराशा हलल्या आणि २० चे १२ झाले.

फळा स्वतःच पुसून स्वतः लिहितो, तो असा. ब्रिकलिनला हेच हवं होतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. वर्षभरात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच आकड्याकडे बघत होतो. 'रिस्क घ्या हो' म्हणणाऱ्या एकाही पुस्तकाने बाबांचा गुडघा एखाद्या ओळीत बसवला नव्हता.

मग मी तिला सांगितलं, ब्रिकलिन आणि फ्रँकस्टनची कंपनी जानेवारीत निघाली आणि ऑक्टोबरमध्ये माल दुकानात होता. दहा महिने. आपल्याकडे बारा आहेत.

तिने चष्मा वर सरकवला. "माल दुकानात आला, ठीक आहे. पैसे कधी आले?"

आणि शेवटच्या ओळीच्या खाली एक नवी ओळ घातली : पहिलं बिल वसूल व्हायला लागणारे दिवस. शेजारची सेल पिवळी केली आणि त्यात लिहिलं, ९०.