यशवंतपूरला उतरलात तर...

पुण्याहून, मिरजेहून रेल्वेनं बंगळुरूला जाणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रवास यशवंतपूरला संपतो. फलाटावरची पाटी वाचली की क्षणभर वाटतं, आपण अजून साताऱ्याच्याच आसपास आहोत. मग हमाल कन्नडमधून काहीतरी विचारतो आणि आपण भानावर येतो. बाजार समितीकडे गेलात तर पुन्हा तोच गोंधळ होईल, कारण कांदा घेऊन आलेल्या कितीतरी ट्रकांवर एमएचची पाटी असते. मेट्रोचं पुढचं स्टेशन सँडल सोप फॅक्टरीचं. वारा इकडचा असेल तर चंदनाचा वासही येतो म्हणतात. मला आजवर आलेला नाही.

माझी धाकटी बहीण इथून जवळच मत्तिकेरेला राहते. तिच्याकडे माझ्या खेपा होतच असतात, पण या वेळी माझ्या मनात एक रुखरुख होती. ती आधी सांगते, म्हणजे मी तुम्हाला सांडपाणी बघायला का नेते आहे ते कळेल.

पुण्यात आमची चाळीस घरांची सोसायटी आहे. बिल्डरनं पार्किंगच्या मागे खडीचे चार वाफे करून दिले होते आणि त्यात कर्दळ लावली होती. अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी आधी एका टाकीत निवळायचं, मग त्या खडीतून हळूहळू झिरपत पुढे जायचं आणि बागेला मिळायचं. पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. पिवळी-लाल कर्दळ इतकी फुलायची की लोक तिथं फोटो काढायचे. नंतर पाणी खडीवर साचायला लागलं, डास झाले, वास येऊ लागला. सभेत ठराव आला की वाफे बुजवून पेव्हर ब्लॉक टाकावेत, चार गाड्यांची सोय होईल. मी तेव्हा कमिटीत होते. हात वर करणाऱ्यांत मीही होते.

निवळायची टाकी तीन वर्षांत एकदाही उपसलेली नव्हती, हे त्या सभेत कुणी बोललं नाही. टाकी उपसावी लागते हे आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं. आता उन्हाळ्यात बागेसाठी टँकर येतो.

तर यशवंतपूरला उतरलात की आधी रिक्षानं मल्लेश्वरमला जा. तिथलं काडू मल्लेश्वराचं देऊळ आपल्या माणसांनी बघायलाच हवं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचा या देवळाशी संबंध आहे. त्यांनी देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे. समोर रस्त्यापलीकडे नंदी तीर्थ आहे. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडते आणि तिथून पुष्करणीत जाते. हे तीर्थ मातीखाली गाडलं गेलं होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ते खोदून पुन्हा मोकळं केलं. वृषभावती नदी इथूनच निघते असं इथले लोक सांगतात. बसवनगुडीचे लोक मात्र तिचा मान त्यांच्याकडच्या मोठ्या नंदीला देतात. या वादात आपण पडू नये.

दुसरीकडे तुम्ही मैसूर रोडनं केंगेरीच्या बाजूला गेलात, तर हीच वृषभावती रस्त्याच्या कडेनं वाहताना दिसेल. काच खाली केली असेल तर दिसण्याआधीच कळेल. शहराचं सांडपाणी घेऊन ती पुढे बैरमंगलाच्या तलावात जाते, तिथून अर्कावतीला आणि शेवटी कावेरीला मिळते. बंगळुरू उंच पठारावर वसलेलं आहे, मोठी नदी जवळ नाही. पिण्याचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, कावेरीतून पंपानं वर चढवून आणतात. एवढ्या खटपटीनं आणलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाणी वापरून झालं की सांडपाणी होतं, असा अभियंत्यांचा हिशेब असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात इथल्या वस्त्यांमध्ये टँकरसाठी रांगा लागल्या होत्या, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. बहिणीच्या इमारतीतही तेव्हा दिवसातून एकच तास पाणी होतं.

आता खरी सहल. यशवंतपूरहून हेब्बाळमार्गे दहा-बारा किलोमीटरवर जक्कूर तलाव आहे. सकाळी सातच्या आत पोचा. साधारण १६० एकरांचं हे पाणी सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतं. झोळीवाले पेलिकन, पाणकावळे, चित्रबलाक आणि चालताना शेपटी उडवणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या. कोळी थर्मोकोलच्या तराफ्यावरून जाळी ओढत असतात. फिरायला आलेले आजी-आजोबा बांधावर गप्पा मारत बसतात. इथल्या फेऱ्या मारून बहुतेक लोक घरी जातात.

तुम्ही जाऊ नका. उत्तरेच्या टोकाला चला.

तिथं बंगळुरू पाणीपुरवठा मंडळाचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. सुरुवातीला त्याची क्षमता दिवसाला १ कोटी लिटर होती. केंद्रातून निघालेलं पाणी थेट तलावात जात नाही. मध्ये अकरा-बारा एकरांचा उथळ पाणथळ पट्टा आहे आणि त्यात पाणकणीस, अळू, जलपर्णी माजलेली आहे. माझ्या मेव्हण्यांनी हे पाहून म्हटलं, "हे साफ का करत नाहीत?" प्रश्न अगदी साहजिक आहे. पण हे गवत म्हणजेच यंत्र आहे. इंग्रजीत याला कन्स्ट्रक्टेड वेटलँड म्हणतात, आपण बांधीव पाणथळ म्हणू.

त्याचं काम असं चालतं. झाडांच्या गर्दीत पाण्याचा वेग मंदावतो, राहिलेला गाळ खाली बसतो. बुडलेल्या देठांवर आणि मुळांवर बुळबुळीत थर चढतो, तो सूक्ष्मजीवांचा. पाण्यातली घाण खायचं खरं काम ते करतात. नत्र आणि आपल्या साबण-मैल्यातला फॉस्फरस झाडं शोषून घेतात आणि वाढतात. पन्नासच्या दशकात जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी यावर प्रयोग सुरू केले, तेव्हा अभियंत्यांना ते पटायला बराच काळ गेला. आमच्या सोसायटीतला प्रकार याचाच भाऊबंद, फक्त तिथं पाणी उघडं नसतं, खडीच्या आतून वाहतं. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेली 'फायटोरिड' पद्धतही त्याच कुळातली. वीज जवळजवळ लागत नाही. जागा मात्र लागते. उष्ण हवेत माणशी एक-दोन चौरस मीटर तरी धरतात, म्हणून दाटीच्या शहरात ती सगळीकडे जमणार नाही.

आणि कापणी लागते. झाडानं शोषलेलं सगळं त्याच्या अंगात असतं. ते कापून बाहेर नेलं नाही तर झाड तिथंच कुजतं आणि घेतलेलं पाण्याला परत करतं. आमच्या कर्दळीचं हेच झालं असणार. ती इतकी छान दिसायची की कापायला कुणाचा हात धजत नव्हता.

जक्कूरचं सगळं उत्तम चाललं आहे असं समजू नका. ओढ्यांतून काही कच्चं सांडपाणीही या पट्ट्यात शिरतं, अभ्यासकांनी ते नोंदवलं आहे. झाडं वेळेवर काढली गेली नाहीत की तक्रारी होतात. 'जलपोषण' नावाचा नागरिकांचा गट तलावावर लक्ष ठेवून असतो म्हणून त्या तक्रारी निदान कुणापर्यंत तरी पोचतात. इथून पाणी पुढे राचेनहळ्ळीच्या तलावाला जातं, म्हणजे या पट्ट्यात दुर्लक्ष झालं की त्याची झळ खालच्या तलावालाही लागते.

आम्ही गेलो त्या दिवशी त्या टोकाला वीसेक माणसांचा घोळका उभा होता. हातात वह्या, गळ्यात ओळखपत्रं. त्यातल्या एका गृहस्थांनी आमची मराठी ऐकली आणि जवळ आले. बेळगावकडचे, एका नगरपालिकेत अभियंता.

"पुण्याहून आलाय काय ताई? सांडपाणी बघायला?" त्यांना हसू आवरेना. "आम्हाला तर ऑर्डर काढून पाठवलंय. तीन दिवसांचं ट्रेनिंग आहे."

बंगळुरूत अशी प्रशिक्षणं होत असतात. सीडीडी नावाची संस्था कमी विजेवर चालणाऱ्या सांडपाणी प्रकल्पांचं शिक्षण अभियंत्यांना आणि पालिकांच्या लोकांना देते. विमानतळापलीकडच्या देवनहळ्ळीत २०१५ मध्ये उभा राहिलेला मैलागाळ शुद्धीकरण प्रकल्प तिचाच. मैलाटाक्या उपसणाऱ्या गाड्यांनी गाळ कुठंतरी शेतात, नाल्यात ओतू नये म्हणून तो बांधला, आणि गावपातळीवरचा देशातला तो पहिला प्रकल्प म्हणून लोक तो बघायला येतात. हे गृहस्थ कोणाच्या वर्गाला आले होते ते मी विचारलं नाही.

"काय शिकवतात?" मी विचारलं.

"गणित आम्हाला येतंय ओ. पाणी किती, खडी किती, उतार किती. पण पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, तुमच्या गावात टाकी उपसायची तारीख कुणाच्या वहीत लिहिलेली असते? वीस माणसं बसलेलो. एकाचा हात वर गेला नाही." मग मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या शर्टातल्या माणसाकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "ते आमचे नगरसेवक. त्यांना आणलंय ते बरं झालं. मी शंभरदा लिहून दिलं तरी कापणीचे पैसे बजेटात कोण घालणार? सही त्यांचीच लागते."

नगरसेवक त्या वेळी पाणकणसात एकाग्रपणे बघत होते. नंतर त्यांनी माहिती देणाऱ्या मुलीला कन्नडमधून काहीतरी विचारलं. बहिणीनं मला सांगितलं, ते विचारतायत की कापलेलं गवत गुरांना चालतं का. त्यांच्याकडे म्हशी असाव्यात. मला तो प्रश्न आवडला. कापलेल्या गवताला गिऱ्हाईक असेल तर कापणी चुकत नाही.

मला मात्र आमची सभा आठवत होती. बिल्डरनं वाफे केले, प्लंबरनं पाइप जोडले, माळ्यानं कर्दळ लावली. त्यांना आपापलं काम येत होतं. शिकायला हवं होतं ते आम्हा सात जणांनी, टेबलाभोवती बसून चहा पिणाऱ्यांनी. टाकी वर्षातून एकदा उपसायचा खर्च आमच्या एका महिन्याच्या टँकरपेक्षा कमी आला असता. हा हिशेब मी बांधावर बसून मोबाइलवर केला, आणि आमच्या सेक्रेटरींना तिथूनच पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. सोसायटीत राहणाऱ्यांना त्या अंगठ्याचा अर्थ माहीत असेल.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाहुणे पक्षीही तेव्हाच असतात. पायात बंद बूट असू द्या, उत्तरेच्या कडेला चिखल असतो. वासाची फार धास्ती घेऊ नका, वास पाणी आत येतं तिथं थोडा असतो आणि तलावाच्या मध्यापर्यंत जाणवेनासा होतो. स्वतः चालत जाऊन तेवढं तपासून बघा. येताना मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर थांबून चमेली-अबोलीचा गजरा आणि इडली, या क्रमानं.

निघताना बहिणीनं अंगणातल्या कर्दळीचे कंद ओल्या फडक्यात बांधून दिले. ते मी बर्थखाली ठेवून पुण्याला आणले आणि सध्या गॅलरीत कुंडीत लावले आहेत. पुढच्या सभेच्या नोटिशीत माझा विषय सहावा आहे, पार्किंगच्या वादानंतरचा.